आवाज फुटलेल्या मुलाला ‘नुसते ओठ हलव’ सांगणाऱ्या समूहगान स्पर्धा शाळांना हव्यात कशाला?

आठवीतल्याची आई, ठाणे

माझा मुलगा पाचवीपासून शाळेच्या समूहगानात आहे. यंदा पावसाळ्यात त्याचा आवाज फुटायला लागला. बोलता बोलता मध्येच चिरकतो, मध्येच घोगरा होतो. स्पर्धा डिसेंबरात होती. जुलैपासून एकच देशभक्तिगीत घोटून घेतलं, तेही काळी पाच या उंच पट्टीतल्या तयार ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर. अंतरा तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत जातो आणि त्याला काही तिथं पोचता येईना. पंधरा दिवस उरले तेव्हा बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, “तू नुसते ओठ हलव.”

तो तसा उभा राहिला. ८५० रुपयांचं नवं जाकीट घालून चार मिनिटं ओठ हलवले. चमूचा दुसरा क्रमांक आला. प्रशस्तिपत्रक त्यानं मला दाखवलंच नाही, महिन्याभरानं भूगोलाच्या पुस्तकात सापडलं. तेव्हापासून घरात गाणं बंद आहे.

पाच महिन्यांत या मुलांना एक गाणं पाठ झालं. भूप राग ऐकून ओळखता येत नाही, हातावर दादरा ताल धरता येत नाही. अशा स्पर्धा शाळांनी बंदच कराव्यात असं माझं मत आहे.

संगीत शिक्षिका, २२ वर्षं

ताई, त्या बाई चुकल्या. याबद्दल वाद नाही. पण स्पर्धा बंद करा म्हणू नका. माझ्या शाळेत संगीताला आठवड्याला एक तास, ३५ मिनिटांचा. वर्गात ६० मुलं, स्पर्धेला त्यातली आठ. सराव परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला जातो. स्पर्धेचं पत्र आलं की मात्र शाळा सुटल्यावर एक तास मिळतो. पेटीचा भाता फाटला होता, दोन वर्षं अर्ज करत होते. स्पर्धेच्या नावावर तो आठवड्यात दुरुस्त झाला, तबल्याला नवी पुडी, म्हणजे वरचं कातडं, बसली. स्पर्धा गेल्या तर संगीत वेळापत्रकातून कधी गेलं हे कुणाला कळणारही नाही.

आठवीतल्याची आई

पुडी बसली ती निवडलेल्या आठ मुलांसाठी. उरलेल्या बावन्न जणांनी त्या तबल्याला हात लावला का?

संगीत शिक्षिका, २२ वर्षं

नाही लावला. हे मला लागलं, पण खरं आहे.

दोन मुलांचा बाबा, पुणे

मला यात एवढं वाईट काय झालं ते कळत नाही. बाकी सगळ्यांचं यश एकासाठी पणाला लावायचं का? क्रिकेटमध्येही अकराच खेळतात, बारावा पाणी घेऊन जातो. मुलांना ‘नाही’ ऐकायची सवय हवी. आम्ही प्रत्येक वेळी मध्ये पडलो तर ती कधी खंबीर होणार?

आठवीतल्याची आई

बाराव्याला कुणी खेळतोय असं भासव म्हणत नाही. तो पाणी नेतो, ते सगळ्यांना दिसतं. माझ्या मुलाला “यंदा तू गाऊ नकोस, तबल्याला बस किंवा टाळ धर” असं सांगितलं असतं तर तो नाराज झाला असता आणि दोन दिवसांत सावरला असता. त्याला गाण्याचं सोंग आणायला लावलं, आणि त्याच सोंगाचं बक्षीस त्याच्या हातात दिलं.

वाळवा तालुका, एक वडील

ताई, तुमच्याकडे क्लास आहेत, सभागृहं आहेत. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पेटीसुद्धा नाही. माझी मुलगी भजनी मंडळात आजोबांच्या मांडीवर बसून अभंग शिकली. तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिली. नंबर आला नाही. पण एका परीक्षकांनी खाली बोलावून सांगितलं, “आवाज चांगला आहे, तानपुऱ्यावर सा लावायला शिकवा.” आता दर रविवारी एसटीनं मिरजेला शिकायला जाते. ती स्पर्धा नसती तर हे सांगायला आमच्या गावात कोण येणार होतं?

आठवीतल्याची आई

दादा, हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या मुलीला काय मिळालं बघा. ते एक वाक्य मिळालं. आमच्या स्पर्धेत निकाल वाचला आणि परीक्षक गाडीत बसले. गुणतक्ता मागितला तर “निर्णय अंतिम राहील” हा नियम दाखवला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षेला निदान परीक्षक समोर बसून मुलाला हातावर ताल धरायला लावतात, काय येतं नि काय नाही ते मुलाला तिथंच समजतं.

परीक्षक म्हणून जाणारी एक गायिका

मागे एका दिवशी मी २४ चमू ऐकले. गाणं चार मिनिटांचं, पण माईक लावा, ट्रॅक शोधा, रांगा लावा, यात प्रत्येकी दहा जातात. चार तास झाल्यावर कान थकतात, आणि आयोजकांना निकाल अर्ध्या तासात हवा असतो. शेरे लिहायला वेळ मागितला की पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि ताई, ओठ हलवणारा मुलगा आम्हाला दिसतो. गळ्याच्या शिरा हलत नाहीत, श्वास घेतला जात नाही. पण गुणतक्त्यात सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण असे रकाने असतात. हे लिहायला रकाना नाही. मी आजवर गप्प बसले, हे मला आज जास्त खटकतंय.

मूळ घोटाळा ट्रॅकचा आहे. पेटीवर गायले असते तर बाईंना पट्टी उतरवता आली असती. थोडं खाली, काळी चारला घेतलं असतं तरी बाकीची मुलं आरामात गायली असती, आणि ध्रुवपदात या मुलाला खालच्या सप्तकात ठेवलं असतं तर गाण्याला वजन आलं असतं. ट्रॅकची पट्टी मोबाईलवर उतरवता येते, पण फार उतरवली की वाद्यं घोगरी, अनैसर्गिक वाजतात.

दोन मुलांचा बाबा, पुणे

पट्टी बदलता येते हे मला माहीत नव्हतं. तरी निवड ही व्हायलाच हवी, यावर मी ठाम आहे.

संगीत शिक्षिका, २२ वर्षं

निवड होऊ दे. पण ट्रॅकला मनाई करा असं मी आमच्या तालुक्याच्या आयोजकांना लिहिणार आहे. शाळेत साथीला माणूस नसतो म्हणून ट्रॅक आले, आणि ट्रॅक आले म्हणून कुणी साथ शिकत नाही.

ताई, एक सांगते. मुलाला वर ताणायला लावू नका, पण गाणं सोडूही देऊ नका. सकाळी दहा मिनिटं खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. सध्या जिथं सहज लागतो तो सा धरा, तिथून हळूहळू मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत उतरा. आवाज चिरकला तर थांबायचं, रागवायचं नाही. हळूहळू स्थिरावतो बहुतेकांचा.

आठवीतल्याची आई

स्पर्धांबद्दलचं मत मी अजून बदललेलं नाही. पेटी घरात नाही. मोबाईलवर तानपुरा काळी एक या खालच्या पट्टीत लावून ठेवते उद्या सकाळी, त्याला काही न सांगता. येऊन बसला तर बसला.