तीन तालुक्यांची परिषद घ्यायचीय, पण सगळे समाज एका मांडवात येणार कसे?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण मिळून हातकणंगले, शिरोळ, कागल अशा तीन तालुक्यांची एक दिवसाची सामाजिक न्याय परिषद घ्यायची म्हणतोय, 26 जूनला, शाहू जयंती धरून. बौद्ध, मातंग, वडार, कैकाडी, धनगर, मुस्लिम, लिंगायत, जैन, मराठा सगळे एका मांडवात बसावेत एवढीच इच्छा. पण दोन मीटिंगा झाल्या आणि दोन्ही बॅनरवर कुणाचे फोटो, कुठल्या क्रमाने, यातच संपल्या. दुसऱ्या मीटिंगला अण्णाभाऊ साठेंचा फोटो कोपऱ्यात का म्हणून चार पोरं चहा न घेताच उठून गेली, आणि खरं सांगू, त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. विषय काय घ्यायचे यावर अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. कोणी असलं काही केलंय का? कुठून सुरुवात करायची?

जुना_वाचक:
अरे भावा, तुम्ही हातकणंगल्यात बसून हे विचारताय? माणगाव तुमच्याच तालुक्यात आहे की. 21 आणि 22 मार्च 1920 ला तिथं बहिष्कृत वर्गाची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब, वय 28, त्यांचं मूकनायक पाक्षिक सुरू होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. शाहू महाराज स्वतः आले आणि लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला. हे सगळ्यांना पाठ असतं. पण गावात तयारी करायला जे पुढं झाले त्यात आप्पासाहेब पाटील होते, ते जैन, हे फार कमी जण सांगतात. ज्यांच्यासाठी परिषद ते तर होतेच, पण गावातला वजनदार माणूसही मांडव उभा करायच्या खटपटीत होता, नुसता स्टेजवर हार घालून घ्यायला नाही. तुम्ही फोटोंवरून भांडताय कारण प्रत्येकाच्या वाट्याला फक्त फोटोच आलाय, काम कोणालाच दिलेलं नाही.
आणि तारीख बघा जरा, जूनच्या शेवटी सोयाबीनच्या पेरण्या चालू असणार, मजुरीला जाणारा माणूस रोज बुडवून तुमची भाषणं ऐकायला येईल का. त्यांची परिषद मार्चमध्ये होती.

फटकळ_सांगलीकर:
परिषदा काय कमी झाल्यात का आपल्याकडं. शाल, श्रीफळ, सत्काराला दीड तास, मग प्रमुख पाहुणे एक तास, आणि ठराव वाचायची वेळ आली की मंडपवाला खुर्च्या उचलायला लागतो. पुढं त्या ठरावांचं काय होतं हे त्या मंडपवाल्यालाही माहीत नसतं. एवढ्या पैशात दहा पोरांची होस्टेलची फी भरा, जास्त न्याय होईल.

जुना_वाचक:
सत्काराचं पटलं, बाकी नाही. ठराव कागदावर राहतो म्हणूनच तर महाडचा सत्याग्रह झाला ना. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 ला पास, महाड नगरपालिकेनंही पुढं तसा ठराव केला, आणि तरी मार्च 1927 पर्यंत चवदार तळ्यावर जायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा महाडच्या परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी लागतं, तर ते 40 रुपयांचं विकत घ्यावं लागलं. तळं समोर आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, तीच माणसं उठून तळ्यावर गेली. डिसेंबरला पुन्हा जमायचं ठरलं तर जागा कोणी देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. आता मला सांगा, हे होस्टेलच्या फीत बसतं का.

इचलकरंजीची_ताई:
तुमच्या सगळ्या चर्चेत जेवण कोण करणार हे एकानंही विचारलं नाही, म्हणजे ते आमच्याकडंच येणार हे नक्की :) माझं स्पष्ट मत आहे की वाद फोटोत दिसतोय पण आहे चुलीपाशी. आमच्या भागात अशाच एका मेळाव्यात सगळे एकत्र बसले, भाषणं झकास झाली, आणि जेवायच्या वेळी निम्मी माणसं "घरी पाहुणे आलेत" म्हणून गायब. सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पाहुणे! मी वाढायला उभी होते, भाताचं पातेलं झाकून परत पाठवलं.
कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंनी हॉटेल टाकलं तेव्हा तिथं चहा प्यायला कोणी येईना, तर शाहू महाराज स्वतः जाऊन तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. भाषण दिलं नाही, कप उचलला. तुम्ही स्वयंपाकाची टीम आधी ठरवा, सगळ्या समाजातली, बाप्ये पण. आणि बायकांचं सत्र दुपारी दोनला ठेवू नका, ती झोपायची वेळ असते, पहिलं ठेवा.

वारणाकाठ:
ताई, पातेल्याचं वाचून गप्पच झालो. काल परत बसलो. बॅनरवर फोटो एकही नाही, फक्त गावांची नावं. त्यावरही एक जण रुसलाय पण तो माझा चुलतभाऊच आहे, बघतो त्याच्याकडं. तारीख मार्चमध्ये ढकलली. उठून गेलेल्या पोरांच्या घरी गेलो, चहा त्यांच्याच घरी घेतला, ती आता जागा आणि पाण्याचं बघतायत. स्वयंपाकाला नऊ जण तयार, त्यात पाच बाप्ये, पैकी दोघांना भाकरी येते असं ते म्हणतात. नवीन भांडण म्हणजे मटण की शाकाहारी. जैन आणि लिंगायत मंडळी आहेत म्हणून झुणका-भाकरीवर गाडी आलीय, तर वडार वस्तीवरचे काका म्हणाले झुणका रोजच खातो, त्यासाठी पाच कोस कशाला येऊ. 400 माणसं धरलीत, काहीतरी सुचवा.