बातम्यांच्या धुरळ्यात तुमचा विसावा कोणता? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
आज पुन्हा फोडाफोडीच्याच बातम्या, आणि त्यात मोहित्यांच्या वडगावचा भोंगा आठवला. कडेगाव तालुका. २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा, मग दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. त्याच्याही मागे जायचं तर प्रतिसरकार, म्हणजे साताऱ्याकडं इंग्रजांविरुद्ध चालवलेलं समांतर सरकार, १९४३ ते ४६. डोक्यावर वॉरंट, तरी क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं गावोगाव 'गांधी विवाह' लावत होती. हुंडा नाही, मानपान नाही. भूमिगतांनाही मांडव लागतोच की! तुम्ही काय करता? उपदेश नको, कृती टाका.

डबा_भरलेला
भडंग. अर्धा किलो चुरमुरे, दोन वाट्या शेंगदाणे, वाटीभर तेल, दोन गड्डे लसूण सालीसकट ठेचून. चुरमुरे तासभर उन्हात; बोटात कुर्रकन मोडले पाहिजेत. दाणे तळून बाजूला, त्याच तेलात लसूण बदामी, मग कढीपत्ता, गॅस बंद. तेल कोमट झाल्यावरच हळद-तिखट. कडकडीत तेलात तिखट काळं पडतं, सगळा घाणा कडवट. मीठ तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून साखरेबरोबर मिक्सरला फिरवून वरून भुरभुरायचं. गार न होता डब्यात भरलं की वाफ धरते आणि चुरमुरे चामट. हात तेलकट असल्यानं फोनला शिवता येत नाही, हा वरचा नफा 😄

हरिपूररोड
मेतकूट राहिलं!!

डबा_भरलेला
आमच्याकडं घालणारे आणि न घालणारे असे दोन पक्ष आहेत. युती होणार नाही.

शिट्टी_तिसरी
भोंगा नसलेल्या गावांसाठी: कुकरची शिट्टी धरा. फोन सायलेंट करून खिशात ठेवला की हमखास फसतं, हात जातोच. दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. घरच्या ग्रुपवर राजकारण पेटलं तर भांडू नका, सोडूही नका, आत्याला लागतं. म्यूट करा: ८ तास, १ आठवडा, कायम. निवडणुकीत सरळ तिसरा.

हरिपूररोड
आत्याच ॲडमिन असेल तर?

शिट्टी_तिसरी
मग देवच राखो 🙏

वाईची_सून
गडबडीत लिहितेय, दूध ठेवलंय. मोगरा. संक्रांत झाली की छाटणी, दोन-तीन डोळे ठेवून. जुनी पानं काढायची, आठ-दहा दिवस पाण्याला हात आखडता, मग मूठभर शेणखत आणि भरपूर पाणी. कळ्या नव्या फुटीवर येतात, छाटलं नाही तर नुसता पाला. चार-पाच तास ऊन नसलेल्या गॅलरीत हट्ट करू नये.

कृष्णाकाठ
वा. सातारकरांनी भिलार कसं विसरलं? मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर. घराघरांत विषयवार कपाटं, बसून फुकट वाचायचं. शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची रांग लागते.

हरिपूररोड
मोगऱ्याला चहाचा चोथा चालतो का?

वाईची_सून
चालतो, पण धुऊन, वाळवून, कुंडीला एक चमचा. दूध-साखरेसकट टाकला की मुंग्या. दूध उतू गेलं, आले.