फिरत्या मंडळीत घडलेले नट

फिरत्या नाटक मंडळीत घालवलेली वर्षे नटाच्या कारकिर्दीत वाया जातात, असे एक मत आहे; पण इंग्रज नट जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या शेक्सपिअरची नाटके करणाऱ्या फिरत्या मंडळीकडे पाहिले असता ते मला पटत नाही. उत्पल दत्त यांनी १९४७ ते १९४९ आणि पुन्हा १९५३-५४ मध्ये या मंडळीसोबत भारत-पाकिस्तानात दौरे केले आणि तिथे अंगी बाणलेला शेक्सपिअर पुढे बंगालीत आणून ‘मॅकबेथ’चे प्रयोग थेट खेड्यापाड्यांत केले. केंडल यांची धाकटी कन्या फेलिसिटी तर वयाच्या नवव्या महिन्यातच रंगमंचावर आली (याला उमेदवारी म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे!) आणि १९७५ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेमुळे घराघरांत पोहोचली. थोरली जेनिफर मात्र मुंबईतच राहिली. १९७८ मध्ये जुहूला उभे राहिलेले पृथ्वी थिएटर तिचे आणि तिचे पती शशी कपूर यांचे.