बार्बाडोसला स्नॉर्केलिंग आणि माझी मिशी

पॅकिंगवाला_शहापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

मुलगा न्यूजर्सीत असतो. फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडं जाणार आणि तिथनं सगळे मिळून पाच दिवस बार्बाडोसला. तिकिटं झालीत. बार्बाडोससाठी आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि अमेरिकेचा आमचा दहा वर्षांचा, कितीदाही ये-जा करायचा आहे. म्हणजे कागदपत्रांचं काही नाही. सुनेनं सगळ्यांचं स्नॉर्केलिंग बुक केलंय. पाण्यात तोंड घालायचं, नळीनं श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे.

अडचण माझ्या मिशीची आहे. २५ जून १९८३ ला कपिलनं कप उचलला तेव्हा मी वीस वर्षांचा, आयटीआयला होतो. दुसऱ्या दिवसापासून वस्तरा तिथं लागला नाही तो आजतागायत. सून म्हणते, "बाबा, मास्कमध्ये पाणी शिरेल, काढून टाका." आता बघा, त्या दिवशी हरलेल्या संघातले मार्शल, गार्नर, ग्रीनिज आणि हेन्स, चौघंही बार्बाडोसचे. त्यांच्याच गावात जाऊन मी मिशी उतरवायची?

मी ३४ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या असेंब्लीवर काढलीत. सील का गळतं ते मला कळतं. रॉडवर एक चरा असला तरी तेल झिरपतं, इथं तर ओठावर हजारो चरे आहेत. तरी यावर काही इलाज असेलच की.

दुसरं म्हणजे पोहणं. येळ्ळूरला मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलोय. हातपाय मारता येतात, खरं डोकं कायम पाण्याच्या वर. तोंड पाण्यात घालून श्वास घ्यायचा म्हटलं की छाती धडधडते. सौ. खानापूरची, मलप्रभेत वाढलेली, माझ्या दसपट पोहते. खरं तिला उणे चारचा चष्मा. चष्म्यावर मास्क बसेल का? दुकानदार बसेल म्हणाला. दुकानदार काय, काहीही बसेल म्हणतो.

निपाणीकर

काका, मिशी काढा की ओ. परत येते.

नाहीतर तोंडभर मास्क मिळतो तो घ्या. सगळा चेहरा आत, नाकानं श्वास घ्या, नळी तोंडात धरायची भानगडच नाही. मी ऑनलाइन मागवलाय, मालवणला वापरला, एक नंबर. आणि खरं सांगू, मासेच बघायचे तर मालवण काय वाईट आहे? सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तारकर्ली. एवढे लाख घालून त्या टोकाला कशाला?

पॅकिंगवाला_शहापूर

लाख मुलाचे आहेत. त्यावर चर्चा नको.

कारवारी_खलाशी

काका, मी नऊ वर्षं क्रूझवर होतो, हाउसकीपिंगला. बार्बाडोसच्या ब्रिजटाउन बंदराला आमचं जहाज सीझनमध्ये दर पंधरवड्याला लागायचं. सुट्टी मिळाली की मी टॉवेल घेऊन थेट कार्लाइल बे गाठायचो. तेव्हा मला दाढी-मिशी दोन्ही होती, त्यामुळं हे अनुभवाचे बोल.

मिशी पूर्ण काढू नका. नाकपुडीच्या लगेच खाली, जिथं मास्कची सिलिकॉनची कड टेकते, तेवढीच पट्टी कातरा. बाकीची तशीच राहू दे. त्या पट्टीवर खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस बोटानं चोपडायचं, म्हणजे केसांमधल्या फटी बुजतात. लोक व्हॅसलीन लावतात, पण मास्कच्या कडेत कुठं रबर असेल तर ते खराब होतं. घेताना मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. खाली पडला तर कितीही महाग असला तरी नको.

वहिनींचा चष्मा मास्कखाली बसणार नाही. चष्म्याच्या काड्या कडेखाली येतात आणि तिथून पाणी शिरतं. उणे नंबरच्या तयार काचा बसवलेले मास्क मिळतात, अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. चार सहज मिळेल.

जागेबद्दल. बेटाची पश्चिम बाजू कॅरिबियन समुद्राची, शांत. पूर्व बाजू अटलांटिकची. बाथशीबाला खडक आणि लाटा बघायला जरूर जा, पण पाण्यात उतरू नका. कार्लाइल बेमध्ये १९१९ साली बुडालेली बर्विन नावाची टगबोट, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, उथळ पाण्यात पडलेली आहे. तुम्ही लोखंडातला माणूस, तुम्हाला ती आवडेल. तिथंच कासवं येतात. त्यांना हात लावायचा नाही, बोटवाला खाऊ घालत असला तरी नाही.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मिलिटरी छापाचे, हिरवे-खाकी ठिपक्यांचे कपडे तिथं साध्या माणसाला कायद्यानं घालता येत नाहीत, पोरांनासुद्धा नाही. आमचा एक सहकारी तसली अर्धी चड्डी घालून उतरला आणि गेटावरनं परत आला. आणि किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. बुंध्याला बऱ्याचदा लाल पट्टा रंगवलेला असतो. फळ विषारी, चीकही विषारी. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंसुद्धा अंगावर फोड येतात. आपण आंब्याखाली थांबतो तसं तिथं थांबायचं नाही.

टिळकवाडी_भूल

मी भूलतज्ज्ञ आहे. लोकांच्या तोंडात नळ्या घालणं हाच माझा धंदा, म्हणून मध्ये तोंड घालते.

निपाणीकर, तुमचा तोंडभर मास्क काकांना सुचवू नका. आपण सोडलेल्या श्वासातली काही हवा नळीत आणि मास्कच्या पोकळीत उरते, पुढच्या श्वासाला तीच परत आत येते. पोकळी मोठी असली आणि मास्कच्या झडपा नीट काम करत नसल्या की कार्बन डायऑक्साइड साठत जातो. माणसाला धाप लागते, तो घाबरतो, जोरात श्वास घेतो आणि आणखी अडकतो. साध्या नळीचं एक बरं, घाबरलात की थुंकून टाकता येते. तोंडभर मास्क घाईत ओढून काढणं तेवढं सोपं नाही.

काका, तुमचं वय बघता आणखी एक. हवाईत स्नॉर्केलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात पुढं आलं की बरीच माणसं समुद्राचं पाणी नाकातोंडात जाऊन गेलेलीच नव्हती. अरुंद नळीतनं जोर लावून हवा ओढली की छातीत ओढ तयार होते आणि फुप्फुसात शरीरातलंच पाणी उतरू शकतं. हृदयाचा त्रास असला तर धोका वाढतो. म्हणून नळी रुंद आणि साधी घ्या, बीपी तपासून घ्या आणि पाय टेकतील इतक्याच पाण्यात सुरुवात करा. विनाकारण धाप लागली तर नळी थुंका, पाठीवर उलटे व्हा, हात वर करा. "थोडं थांबलं की बरं वाटेल" असं म्हणत बसू नका.

धडधडीचं औषध म्हणजे सराव. घरी बादलीत तोंड घालून नळीनं शंभर श्वास मोजा. मग गोवावेसच्या तलावात कडेला धरून. विहिरीत शिकलेल्यांची अडचण मला माहीत आहे, आमचे बाबाही तसेच. ते पोहत नाहीत, पाण्याशी भांडतात.

पॅकिंगवाला_शहापूर

डॉक्टर, भांडतात हे अगदी बरोबर.

बीपी दाखवलं, गोळी चालू आहे तीच राहू दे म्हणाले, उतरायला हरकत नाही. मास्क घेतला, ओढून बघितला, चिकटला. मग कैचीनं नाकाखाली दोन सूत पट्टी कातरली. सौ. आरसा धरून उभी होती आणि हसू दाबत होती. पेट्रोलियमनं रबर फुगतं हे मला कुणी सांगायला नको, त्याच्यावरच आयुष्य गेलंय. ग्रीस खाण्याच्या दर्जाचंच घेतलं.

बादलीत पहिल्या दिवशी सात श्वास झाले, आठव्याला नाकानं ओढलं आणि ठसका. चौथ्या दिवशी शंभर. नातू व्हिडिओ कॉलवर मोजत होता. गोवावेसला मास्क लावून गेलो तर पोरं बघायला जमली. बघू देत.

निपाणीकर

काका, फोटो टाका.

पॅकिंगवाला_शहापूर

मंडळी, परवा परत आलो. सांब्र्याच्या विमानतळावर उतरून घरी पोचेपर्यंत अंगात दम नव्हता, म्हणून लिहायला उशीर.

जाण्यायेण्याचं सांगत नाही, विमानात बसलं की सगळं सारखंच. न्यूयॉर्कहून पाचेक तास. बेटावर उसाची तोड चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा ऊस, वळणावर एक भरलेली ट्रॉली. सौ. म्हणाली, "एवढ्या लांब येऊन परत संकेश्वरच?" जेवणात कू-कू म्हणून एक प्रकार असतो, मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला. आपल्या उकडीचा लांबचा भाऊ. वर उडता मासा. माझा तेव्हा गुरुवार होता, म्हणून मी नुसता भाऊच खाल्ला.

आता पाण्याचं. कार्लाइल बेला बोट थांबली, पाणी असं की तळाची वाळू मोजावी. उतरलो आणि मिनिटभरात मास्क नाकापर्यंत भरला. परत बोटीवर. बोटीवरच्या पोरानं पट्टा आणखी आवळला, मी गेलो, आणखी लवकर भरला. तिसऱ्या वेळी तो पुन्हा आवळायला आला तेव्हा मी त्याचा हात धरला. अरे, सीलचं पॅकिंग दाबून धरणारा ग्लँड जास्त आवळला की पॅकिंग मरतं, हे मी चाळीस पोरांना शिकवलंय आणि स्वतःच विसरलो! पट्टा जास्त ओढला की कड मुडपते आणि घडीतनं पाणी येतं. मी पट्टा दोन खाचा ढिला केला, मिशीच्या पट्टीवर ग्रीसचा हात फिरवला, कड बोटानं सगळीकडनं बसवली. त्यानंतर चाळीस मिनिटांत आत आलं असेल ते चमचाभर पाणी. तो पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. नंतर त्यानं दुसऱ्या एका मिशीवाल्या गोऱ्या माणसाचा पट्टा ढिला करून दिला, हे मी बघितलं.

बर्विन बघितली. शंभर वर्षांवरचं लोखंड. पत्रा गेलाय, फासळ्या राहिल्यात, आणि फासळ्यांवर समुद्रानं असा थर चढवलाय की मूळ जाडी किती होती ते कळत नाही. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे चेहऱ्यासमोर येऊन थांबतात, जसं काही आपणच प्रदर्शनात. पाण्यात सगळं तिसऱ्या हिश्शानं मोठं दिसतं, आणि जवळही. मी एका माशाला हात लांब केला तर तो माझ्या अंदाजाच्या बराच पुढं होता. सौ. उणे चारच्या मास्कसकट कासवाच्या मागं निघून गेली. मुलगा तिच्या मागं. मी तिथंच, नळी तोंडात, शंभर मोजत.

आणि तेवढ्यात आवाज यायला लागला. कर्रर्र, थांबायचा, कर्रर्र. पहिल्यांदा वाटलं नळीचा व्हॉल्व्ह सैल झाला. बोटानं दाबून बघितला, ठीक होता. आवाज खालनं येत होता. बघितलं तर निळा-हिरवा, हातभर लांबीचा मासा, पोपटासारखी चोच, दगडाला चोच लावून तासतोय. तासला की मागनं पांढरी भुकटी सोडतो, ढगासारखी. सुनेनं नंतर सांगितलं, हा पोपटमासा. दगडावरचं शेवाळ खाताना प्रवाळ पण चावून पीठ करतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण फोटो काढतो त्यातली बरीच त्याच्या पोटातनं आलेली असते.

मला खरं तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या शेडला लागून एक फाउंड्री होती. सकाळी आठला तिथं फेटलिंग सुरू व्हायचं, कास्टिंगचे काठ ग्राइंडरनं घासायचे, कर्रर्र, थांबायचं, कर्रर्र, आणि खाली वाळू-भुकटी पडायची. ३४ वर्षं तो आवाज ऐकला, निवृत्त झाल्यापासनं एकदाही नाही. आणि इथं समुद्रात डोकं घातलं तर हा.

मी नळीतनंच "फेटलिंग!" म्हणून ओरडलो. सौ.ला दाखवायचं होतं. बाहेर काय ऐकू गेलं कुणास ठाऊक, सुनेला वाटलं बाबा बुडाले. तिनं किंकाळी फोडली, बोटीवरच्या पोरानं उडी मारली, आणि मी अजून मासा बघतोय तोवर त्यानं मला मागनं बगलेत धरून उलटं केलं.

निपाणीकर, फोटो त्यानंतरचा आहे. बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलोय, सौ. हसतेय. मिशी जागेवर आहे, मोजून घ्या.