बालवाडीत शांत, घरी मात्र आकांत

प्रश्न (एक आई, इंदिरानगर, नाशिक): माझी साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीत शहाण्यासारखी वागते, घरी येताच मात्र चप्पल काढण्यावरूनही रडून आकांत करते. काळजी करावी का?

उत्तर (बालवाडी शिक्षिका, पंचवटी): दिवसभर आवरलेल्या भावना मूल विश्वासाच्या माणसाजवळच मोकळ्या करते. मेंदूचा आवर घालणारा भाग या वयात अजून घडत असतो, त्यामुळे ‘रडू नकोस’ म्हणण्यापेक्षा जवळ घेऊन ‘तुला राग आलाय ना?’ असे विचारावे. आधी डबा पाहा. भूक आणि झोप यांकडे आपण फारच दुर्लक्ष करतो.

उत्तर (एक आजोबा, गंगापूर रोड): सहमत. परंतु खेळणे सुटले, झोप बिघडली आणि हे काही आठवडे टिकले, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

प्रश्नकर्ती: डबा बहुधा अर्धाच संपतो. उद्याच बाईंशी बोलते.