अरुंद रो हाऊसच्या मधल्या अंधाऱ्या भागात उजेड कसा आणावा?

प्रश्न

आमचे घर रांगेतील मधले आहे. आतून रुंदी साधारण 4.5 मीटर, लांबी 11 मीटर आणि मजले दोन. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असल्यामुळे खिडक्या फक्त पुढे आणि मागे आहेत. तळमजल्यावर पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि या दोहोंच्या मध्ये जेवणाची खोली आहे. तिच्यात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. जिना याच खोलीच्या कडेने वर जातो आणि तो दोन्ही अंगांनी भिंतीत बंदिस्त आहे. बैठक आणि जेवणाची खोली यांमधील भिंत पूर्ण पाडावी आणि स्वयंपाकघर मागच्या अंगणात 3 मीटर वाढवावे, असा आमचा विचार आहे. खर्चाला मर्यादा असल्याने दोन्ही कामे एकदम झेपतील असे वाटत नाही. आधी कोणते काम हाती घ्यावे?

प्रतिसाद 1

मागे वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी स्पष्टच सांगेन. खिडकीतून येणारा उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच उपयोगी पडतो, असा वास्तुरचनेतील जुना ठोकताळा आहे. आपल्या खिडक्यांची वरची कड 2.1 मीटरवर असेल, तर हे अंतर 4.2 ते सव्वापाच मीटर होते. घराचा मध्य सध्या दोन्ही टोकांपासून साडेपाच मीटरवर आहे, म्हणजे तो या टप्प्याच्या जेमतेम बाहेर राहतो, आणि त्यात मधल्या भिंती आड येतात. मागे 3 मीटर वाढवल्यास हाच मध्य दोन्हीकडून 7 मीटरवर जाईल. जागा वाढेल, पण आज जी खोली अंधारी आहे ती अधिकच अंधारी होईल. याउलट खिडकीची वरची कड छताच्या जवळ, म्हणजे अडीच मीटरपर्यंत नेली, तर उजेडाचा पल्ला 5 ते सव्वासहा मीटर होतो. खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच करण्याचा फायदा अधिक होतो, ही गोष्ट बहुतेक लोक विसरतात.

मात्र आपल्या घराची खरी किल्ली जिन्यात आहे. जिन्याच्या माथ्यावर छतात काचेचा झरोका करून खालची बंदिस्त भिंत काढली, तर उजेड थेट मधल्या खोलीत उतरेल. ढगाळ दिवशी डोक्यावरचे आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असते. त्यामुळे वरून येणाऱ्या काचेला उभ्या खिडकीपेक्षा लहान आकार पुरतो. पायऱ्यांच्या उभ्या फळ्या काढून जिना पोकळ ठेवावा, परंतु घरात लहान मूल असल्यास ती फट किती ठेवायची ते आधी ठरवावे. कठड्याला भरीव भिंतीऐवजी बारीक उभ्या सळ्या बसवाव्यात. झरोक्याचे तोंड छताच्या जाडीतून उतरताना खाली रुंदावत न्यावे आणि आतून पांढरे रंगवावे, म्हणजे उजेड पसरतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही.

प्रतिसाद 2

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी भिंतींविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. मधली भिंत भार घेणारी आहे की नाही, हे ठोकून पाहून कळत नाही. वरच्या मजल्यावर तिच्या डोक्यावर भिंत आहे का आणि त्या मजल्याचा भार कोणत्या दिशेने टेकतो, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच पाहावे. भिंत संपूर्ण काढल्यास तुळईची टोके सामाईक भिंतींवर टेकवावी लागतात आणि तिथून शेजाऱ्यांची संमती, पाया आणि खर्च हे सारे प्रश्न सुरू होतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना भिंतीचा थोडा भाग उभा ठेवून मध्ये रुंद उघडी जागा करावी. बहुतेकदा तेवढाच भाग तुळईला आधार देऊ शकतो आणि कपाटासाठी कोनाडाही मिळतो. तुळई छताखाली लोंबती राहिली तर उजेड तेवढा अडतो, म्हणून ती छतापासून किती खाली येणार हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरी बाब जिन्याची. बंदिस्त जिना ही आगीच्या वेळी वरच्या मजल्यावरून सुटण्याची वाट असते आणि तो उघडा केल्यास स्वयंपाकघरातील धूर सरळ शयनगृहांकडे चढतो. म्हणून किमान स्वयंपाकघराला दार असावे, दोन्ही मजल्यांवर एकमेकांना जोडलेले धूरसूचक असावेत आणि जिना उघडा करण्यास आपल्याकडील बांधकाम नियम परवानगी देतात का, हे नकाशा मंजूर करण्यापूर्वी तपासावे. भिंतीच्या जागी आगरोधक काच बसवणे हा मधला मार्ग आहे, मात्र तो महाग पडतो.

प्रतिसाद 3

सगळे घर पांढरेशुभ्र करण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल, पण तो अर्धाच खरा आहे. चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातला 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो, परंतु खिडकीपर्यंत पोहोचलेला उजेडच कमी असेल तर तीच भिंत करडी आणि मळकट दिसते. म्हणून पांढरा रंग आधी छताला आणि खिडकीच्या आतल्या कडांना द्यावा. आरसा खिडकीला काटकोनात, तिच्या अगदी जवळच्या भिंतीवर लावावा. पडद्याची दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे न्यावी, म्हणजे पडदा उघडल्यावर काचेवर त्याची घडी राहत नाही. या क्षुल्लक बदलाने किती उजेड वाढतो हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही. तिन्ही खोल्यांत एकच फरशी, उंबऱ्याशिवाय, सलग घालावी. सामान ठेवण्यासाठी एकाच भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत कपाटे करावीत. चार ठिकाणी चार बुटकी कपाटे ठेवली की रिकामी जमीन दिसेनाशी होते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. अंगणातील वाढीचा विचार आम्ही पुढे ढकलत आहोत. झरोक्याबाबत मात्र दोन शंका आहेत: उन्हाळ्यात घर तापणार नाही का, आणि पावसात तो गळणार नाही का?

प्रतिसाद 1

दोन्ही शंका रास्त आहेत. दुपारचे थेट ऊन पडणार नाही अशा उताराकडे काचेचे तोंड ठेवता आले तर उत्तम. नाहीतर ऊन अडवणारी जाळी बाहेरून बसवावी, कारण आतला पडदा उष्णता आत शिरल्यानंतर तिला अडवतो. झरोका उघडणारा घ्यावा. गरम हवा वर चढून तिथून बाहेर पडते आणि खालच्या खिडक्यांतून थंड हवा ओढली जाते, त्यामुळे संध्याकाळी घर लवकर निवते. गळती बहुधा काचेतून होत नसून चौकट आणि छत यांच्या सांध्यातून होते. सपाट छतावर काचेभोवती किमान 15 सेंटिमीटर उंच कट्टा बांधावा आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या कट्ट्यावर चढवून घ्यावा, पायथ्याशी तोडू नये. काच दुहेरी असावी आणि तिचा आतला थर लॅमिनेटेड असावा, म्हणजे तडकली तरी तुकडे जिन्यावर पडणार नाहीत. ती बाहेरून पुसायला वर कसे जायचे, हे मात्र चौकट बसवण्याआधी ठरवून घ्या.