मदत हवी आहे: वडिलांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात, आणि आई कोणाला कळूच देत नाही (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. मी राजारामपुरीत राहते आणि माझे आईवडील मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी राहतात. वडील, म्हणजे आबा, ७४ वर्षांचे आहेत आणि आई ६९ वर्षांची. गेल्या डिसेंबरात आबांना अल्झायमरची सुरुवातीची अवस्था असल्याचे निदान झाले. औषधे सुरू आहेत. त्यांनी लक्षणे काही काळ आटोक्यात राहतील, आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. माझा प्रश्न आईविषयी आहे, पण तो नीट समजावा म्हणून थोडे मागचे सांगावे लागेल.

आबांनी शाहूपुरीत एका गूळ अडत्याकडे ३६ वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. सौदा झाला की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, किती, वजन किती, दर काय लागला आणि हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, हे ते हिशेबाची पट्टी लिहायला घेण्याआधीच तोंडी सांगत, आणि शेतकरी त्या आकड्यावर विसंबून निर्धास्तपणे चहाला जात. निवृत्तीनंतर घरचा हिशेबही त्यांच्याकडेच होता. दुधाचा रतीब रोज कॅलेंडरवर मांडायचा आणि महिनाअखेरीस बेरीज करायची, हे काम त्यांनी कधी कोणाला करू दिले नाही. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या वेळी मी कॅलेंडरची मागची पाने चाळत होते, तेव्हा मे महिन्यापासूनच्या सगळ्या नोंदी आईच्या अक्षरात दिसल्या. मी विचारल्यावर आई म्हणाली, “त्यांच्या चष्म्याचा नंबर बदललाय.” चष्मा मात्र जुनाच होता.

तेव्हा ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी “वय झाले की असे होतेच” एवढे सांगून आम्हाला परत पाठवले. पुढे नोव्हेंबरात, अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या संध्याकाळी, दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या आबांना महाद्वार रोडवरून घरचा रस्ता सापडेना. ज्या रस्त्याने ते सारे आयुष्य चालले, तिथे एका फुलवाल्या मावशींनी त्यांना आपल्या पाटावर बसवून घेतले आणि खिशातल्या वहीत नंबर पाहून मला फोन केला. त्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही.

मग दुसऱ्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घेतले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते. बी-१२ थोडे कमी निघाले, इंजेक्शनांनी ते भरून आले, पण विसरणे तसेच राहिले. त्यानंतर एमआरआय आणि स्मरणशक्तीची चाचणी झाली. आबांना घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर त्यांनी बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीने मांडले. नंतर, आधी सांगून ठेवलेले तीन शब्द डॉक्टरांनी पुन्हा विचारले. आबा आठवत होते, आणि शेजारी बसलेल्या आईने ते तिन्ही शब्द भरभर सांगून टाकले. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आई आजही तेच करते आहे. फेब्रुवारीत नात्यातल्या लग्नात एकामागून एक माणसे आबांसमोर उभी राहून “ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?” असे विचारत होती आणि प्रत्येक वेळी आबांच्या आधी आई उत्तर देत होती. (आपल्या माहितीत कोणाला विस्मरण होत असेल तर कृपा करून असे विचारू नका. आधी स्वतःचे नाव सांगा.) त्या लग्नानंतर तिने आबांचे बाहेर जाणे जवळजवळ बंद केले आहे. शेजाऱ्यांना तिने गुडघे दुखतात असे सांगितले आहे आणि स्वतःचे भजनी मंडळही सोडले आहे. दिवेलागणीला आबा अस्वस्थ होतात, सौद्याला उशीर झाला म्हणून चपला शोधू लागतात. रात्री उठून दाराची कडी पाहतात आणि त्यांच्याबरोबर आईही उठते. तिचा रक्तदाब वाढला आहे. मध्यंतरी “दादा कधी येणार?” हा प्रश्न आबांनी सकाळपासून नवव्यांदा विचारला, तेव्हा तिने हातातले फुलपात्र जोरात आपटले आणि मग मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने बराच वेळ रडली. “माझ्या हातून पाप झालं” एवढेच ती म्हणाली.

दादा पुण्याला असतो. त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर आबा दहा मिनिटे इतके व्यवस्थित बोलतात की मी आईला विनाकारण घाबरवते आहे असे त्याला वाटते.

आईने स्वतःसाठी मदत घ्यावी म्हणून तिच्याशी कसे बोलावे, हे मला आपल्याला विचारायचे आहे. समुपदेशनाचे नाव काढले की “मला काय वेड लागलंय?” असे म्हणून ती उठून जाते. शेजारीपाजारी सांगावे की नाही, आणि सांगायचे तर तिच्या मनाविरुद्ध सांगावे का, हेही मला ठरवता येत नाही. शिवाय एक गोष्ट मी घरात कोणाजवळ बोलू शकत नाही म्हणून इथे लिहिते: आबा समोर बसलेले असतात आणि तरीही मला त्यांची आठवण येते. असे वाटणे चुकीचे आहे का?

प्रतिसाद (इचलकरंजीहून)

ताई, माझ्या सासूबाईंचे मी सहा वर्षे केले. पहिले दीड वर्ष मीही सगळे लपवले, म्हणून तुमच्या आईंचे मन मला कळते. नवऱ्याचा मान जाऊ नये म्हणून त्या धडपडत आहेत. “तू थकली आहेस, मदत घे” असे म्हटले तर त्यांना ते आपल्यात काही कमी असल्यासारखे वाटेल. त्यापेक्षा आठवड्यातले दोन ठरलेले दुपारचे तास तुम्ही आबांजवळ बसा आणि त्या वेळेत आईंना भजनाला पाठवा. “माझ्यासाठी जा” म्हणा.

तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात हट्ट नसतो. या आजारात जुन्या आठवणी बराच काळ टिकतात, पण नवीन गोष्ट मेंदूत नोंदलीच जात नाही, त्यामुळे नवव्या वेळी विचारतानाही आबा पहिल्यांदाच विचारत असतात. आम्ही एका फळ्यावर ठळक अक्षरांत उत्तर लिहून ठेवत असू. सासूबाई तो फळा वाचायच्या आणि तेवढ्यापुरत्या शांत व्हायच्या. आईंचा संयम सुटला त्यात पाप काही नाही, माझाही अनेकदा सुटला आहे. भावाला फोनवर पटवत बसू नका. त्याला दोन दिवस बोलवा आणि त्या दोन रात्री आबांच्या खोलीत त्यालाच झोपू द्या.

आईंना डॉक्टरांकडे जायचे नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, मराठीत बोलता येते आणि सांभाळ करणाऱ्या माणसालाही तो उपयोगी आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत असते.

प्रतिसाद (सातारा)

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात आई, भाऊ, डॉक्टर आणि पाहुणे या सगळ्यांचे म्हणणे आहे, आबांचे मात्र कुठेच नाही. सुरुवातीच्या अवस्थेत माणसाला स्वतःतला बदल बहुधा कळत असतो आणि त्याची भीतीही वाटत असते. शेजाऱ्यांना सांगायचे की नाही, हे आधी त्यांनाच विचारून पाहावे. मृत्युपत्र आणि बँकेची कामेही ते समजून सही करू शकतात तोवरच, त्यांच्या इच्छेने उरकावीत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी: माणूस समोर असताना त्याच्यासाठी होणाऱ्या दुःखाचा अभ्यास अमेरिकेतील कुटुंब-समुपदेशक पॉलीन बॉस यांनी अनेक वर्षे केला आहे. या दुःखाला तेरावे नसते, भेटायला कोणी येत नाही, म्हणून ते एकट्यानेच वाहिले जाते. आपल्याला वाटते ते मुळीच चुकीचे नाही, आणि बहुधा आपल्या आईंनाही तेच वाटत असेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. साताऱ्याचा प्रतिसाद वाचून मला माझीच लाज वाटली, कारण आबांना विचारावे हे खरोखर सुचले नव्हते. रविवारी सकाळी त्यांना रंकाळ्यावर नेले आणि कट्ट्यावर बसल्यावर विचारले. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मला वाटले प्रश्नच विसरले, आणि उत्तर मी द्यावे असे अगदी तोंडाशी आले होते. मग ते म्हणाले, “मला यायला वेळ लागतो, पण येतं. तुझी आई आधीच बोलून मोकळी होती, म्हणून मी बोलायचंच सोडलं. शेजारी सांग की. कळंल त्यांना.”

हे मी आईला घरी जसेच्या तसे सांगितले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने हिशेब विचारला तेव्हा ती स्वयंपाकघरातच थांबली. आबांनी बेरीज चुकवली, दूधवाल्याने सांभाळून घेतली. शेजारच्या दोन घरी आणि कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपवर मी सांगून ठेवले आहे. दादा पुढच्या शुक्रवारी दोन दिवसांसाठी येत आहे.

१४४१६ वर फोन करायला आई अजून तयार नाही. अनोळखी माणसाशी फोनवर घरचे बोलणे तिला जमणार नाही असे ती म्हणते, आणि मी आग्रह सोडला आहे. पण ज्या बाईने स्वतः घरी असे कोणाचे केले आहे, तिच्याशी बोलायला ती नाही म्हणालेली नाही. कोल्हापुरात अशा कोणी असतील आणि त्यांना मंगळवार पेठेत येणे शक्य असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. दुपारी तीन ते चारच्या दरम्यान आबा झोपलेले असतात, तेव्हा आई मोकळी असते.